बैलाचे खूर आणि धन्याचे पाऊल

श्रावणी अमावास्येचा पोळा जवळ आला म्हणजे आमच्या नांदेड-लातूरकडील कास्तकार बैलांस ओढ्यावर नेऊन घासून धुतो, आदल्या सायंकाळी खांदेमळणी करितो, शिंगे साळून रंगवितो. बैल देवणी असो वा लालकंधारी, बाजारात पसंत करिताना धनी प्रथम त्याची चाल पाहतो, मग वाकून चारही खूर निरखतो. जनावर किंचित लंगडू लागले तर खुरात खडा रुतला की खुरकूत झाली, ह्याचा तपास तो दिवस मावळण्यापूर्वी करितो. आणि पक्क्या सडकेवर गाडी न्यावयाची असेल तर पत्र्या मारविल्यावाचून बैल जुंपीत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून दावणीचे बैल कमी झाले हे खरे. तथापि ज्याच्या घरी एक जोडी उरली आहे त्याच्या ह्या रीतीत अंतर पडलेले नाही. मात्र त्याच कास्तकारास ‘आपण स्वतःचे तळपाय शेवटी केव्हा पाहिलेत?’ असे विचारले म्हणजे तो हसतो. आम्ही हा प्रश्न पुष्कळांस केला आहे, आणि दिवस सांगणारा अद्याप भेटलेला नाही.

पाय दुखू लागला म्हणजे त्याकडे लक्ष जातेच. तेवढ्यासाठी मासिकाची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नाही. आमचा रोख निराळा आहे. ज्या पायांमुळे कास्तकार अंथरुणास खिळतो, एखादे बोट किंवा समग्र पाऊल गमावून बसतो, ते पाय बहुतकरून आरंभी दुखत नसतात. वेदना ही शरीराची राखण होय. राखणदार झोपी गेला म्हणजे रानात कोण शिरले हे धन्यास कळत नाही. सबब किरकोळ तक्रारींचे घरगुती उपाय सांगण्यापूर्वी हा राखणदार जागा आहे की नाही हे कसे ओळखावे ते सांगतो.

ह्यास यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. इंग्लंडातील इप्सविच येथील वैद्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली ही परीक्षा घरातील कोणीही समजदार माणूस करू शकतो. ज्याचे पाय पाहावयाचे त्याने खाटेवर पाय लांब करून डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या शेंड्यास एक-दोन सेकंद हलकेच टेकवावे. दाबू नये, टोचू नये, घासू नये. स्पर्श जाणवताच पडलेल्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे म्हणावे. ह्याप्रमाणे दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी मिळून सहा ठिकाणी एकेकदाच स्पर्श करावा. जेथे कळले नाही तेथे पुन्हा प्रयत्न करून ‘आता कळले’ असे वदवून घेऊ नये. सहांपैकी दोन अथवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर त्या पायांस धोका आहे असे समजून वैद्यास दाखवावे. ‘आमची कातडी रानात राबून राठ झाली, म्हणून कळत नाही’ अशी सबब पुष्कळ जण पुढे करितात. ती सबब वैद्यापुढे सांगावी, घरात बसून सांगू नये.

पायास बधिरता येण्याची कारणे अनेक आहेत. दारूचे व्यसन हे एक. अन्नातील ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव हे दुसरे. परंतु आमच्या भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगी दोन आहेत, मधुमेह आणि कुष्ठरोग.

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या शहरवासीयांचा रोग, ही समजूत आता सोडली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली जी देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत खेड्यांतील लोक थोडे नाहीत. आमच्या माहितीतील एक बागाईतदार मांजरेच्या खोऱ्यात ऊस व सोयाबीन करितात. वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती वरून धडधाकट. सोयाबीनची काढणी झाल्यावर रानातून हिंडताना झिजलेल्या चपलेच्या तळातून धसकटाचा तुकडा वर आला व अंगठ्याच्या मुळाशी शिरला. त्यांस पत्ताही लागला नाही. तीन दिवस त्याच चपलेने ते बाजार, रान, सोयरीक असे सर्व करून आले. चौथ्या दिवशी सुनेने न्हाणीच्या फरशीवर पुवाचा डाग पाहिला व तो कोणाच्या पायाचा ह्याचा माग काढला, म्हणून गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या रक्तातील साखर तोपर्यंत कोणी तपासलीच नव्हती. दोन बोटे काढावी लागली, पाऊल वाचले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘दुखलेच नाही हो, मग पाहणार काय?’ प्रस्तुत लेख लिहिण्यास त्यांचे हे वाक्य कारण झाले आहे.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असे आपले वाडवडील मानीत. १९४६ साली वेल्लोर येथे आलेले शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी पुढील काळात शेकडो हात-पाय तपासून असे दाखविले की, बोटे रोगाने सडत नाहीत. स्पर्शज्ञान गेल्यामुळे चटके, खडे, जोड्यांतील खिळे व एकाच जागी पडणारा भार रोग्यास कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी पाय झिजत जातो. ह्यास्तव अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसल्यास तो लपवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्या रोगाची औषधे विनामूल्य मिळतात, आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. गेलेली संवेदना मात्र औषधाने बहुधा परत येत नाही, म्हणून लवकर जाण्यात लाभ आहे.

ज्यांचे पाय बधिर ठरले, त्यांनी रोज निजण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा नातवास बसवावे. मुलांची नजर तीक्ष्ण असते. घरात, अंगणात, देवळातसुद्धा अनवाणी चालू नये. देवळाबाहेर पादत्राणे काढावी लागतात तेथे पायमोजे घालून जावे. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीने बधिर तळव्यास फोड येतात व माणूस दर्शन घेऊन शांतपणे घरी येतो. जोडा घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा व आत हात घालून चाचपावा. स्नानाचे पाणी पायाने न अजमावता कोपराने अजमावावे. शेकोटीस पाय शेकू नयेत. अशा पायांस पुढे सांगितलेल्यांपैकी पाण्यात पाय बुडवून बसण्याचा उपाय व कुरुपाची औषधी पट्टी, हे दोन्ही वर्ज्य समजावेत.

आता काट्याविषयी. आमच्या शिवारात बाभूळ आहे, बोर आहे, आणि ओढ्याकाठी व पडीत रानात माजलेली वेडी बाभूळ आहे. काट्याने काटा काढण्याची म्हण राजकारणास ठीक असेल, पायास ठीक नाही. प्रथम पाय साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावा. चिमटा किंवा सुई पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळवून घ्यावी. काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने सरळ बाहेर ओढावा. आडवा ओढल्यास मोडतो. टोक आत खोल राहिले असेल तर घरी कोरीत बसू नये. काटा आपोआप बाहेर यावा म्हणून रुईचा चीक लावण्याची किंवा बिब्ब्याचा चटका देण्याची चाल आमच्याकडे अद्याप आहे. बिब्ब्याचे तेल कित्येकांच्या अंगावर उतते. एवढ्याशा काट्यापायी पाऊलभर फोड आलेले आम्ही पाहिले आहेत. शेण, माती, चुलीतील राख, तंबाखू ह्यांपैकी काहीही जखमेवर दाबू नये. धनुर्वाताचे बीज मातीत व शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि काट्याची अरुंद, खोल, हवा न पोहोचणारी जखम त्यास फार मानवते. जखम मातीने माखलेली असून मागील लसीस पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, किंवा लस कधी घेतली हे आठवतच नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस टोचून घ्यावी. पन्नाशीच्या पुढील पुष्कळ कास्तकारांस लहानपणी ह्या लसीचा पुरा क्रम मिळालेला नसतो, हे ध्यानात असावे.

काट्याचाच एक मंद परिणाम आहे, त्याचे नाव मदुरा पाय. मातीतील बुरशी किंवा सूक्ष्म जंतू काट्याबरोबर कातडीखाली जातात, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे टणक सूज येते. ती दुखत नाही, म्हणून कोणी विचारीत नाही. पुढे तिला तोंडे पडतात व पुवाबरोबर काळे, पांढरे किंवा पिवळसर बारीक कण बाहेर येतात. हे कण हीच रोगाची खूण. मदुरेवरून नाव पडले असले तरी ह्या रोगाचा मूलभूत अभ्यास आपल्या मुंबईत झाला. ग्रे ह्यांच्या १८५८ सालच्या सुप्रसिद्ध शारीर ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर हे नंतर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत असत. त्यांनी ह्या रोगावर १८७४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याची गणना उपेक्षित रोगांत केली आहे, आणि उपेक्षा कोण करितो म्हणाल तर प्रथम रोगीच करितो. सूज सुपारीएवढी असताना औषधाने किंवा लहान शस्त्रक्रियेने भागते. हाडात शिरल्यावर पाऊल वाचविणे कठीण होते.

मृगापासून उत्तरेपर्यंत काळ्या रानात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांस चिखल्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. बोटांच्या बेचक्या सतत ओल्या राहिल्याने तेथील कातडी पांढरी, फुगीर व मऊ होते, मग फाटते, तिच्यात बुरशी वाढते, खाज व दुर्गंधी सुटते. ह्यावरील मुख्य औषध कोरडेपणा होय. सायंकाळी पाय साबणाने धुतल्यावर जुन्या मऊ सुती फडक्याने प्रत्येक बेचकी निराळी टिपावी. पंचाने तळवा पुसून उठणे म्हणजे पाय पुसणे नव्हे. निजताना बोटांमध्ये कापसाची सैल वळी ठेवल्यास हवा खेळते. स्त्रियांनी जोडवी व मासोळ्या पावसाळ्यात रात्री काढून ठेवाव्यात, कारण त्यांच्याखालील ओल दिवसभर सुकत नाही. आणि बोट सुजू लागले तर जोडवे तत्काळ काढावे, उशीर झाल्यास ते कापूनच काढावे लागते. मेंदी लावण्याची आजीबाईंची रीत निरुपद्रवी आहे, कातडी फाटलेली नसताना खुशाल लावावी. पण बुरशी एकदा रुजली म्हणजे तिच्यावर भरवसा ठेवू नये. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे क्लोट्रिमाझोलचे १ टक्क्याचे मलम दिवसातून दोन वेळा लावावे, आणि खाज थांबली तरी चार आठवडे पुरे करावे. अर्धवट सोडल्यास तण खुरपून मुळे ठेवल्यासारखे होते.

दुकानदाराकडे नुसते ‘खाजेचे मलम’ मागू नये. अशा मागणीवर पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले मलम हाती पडते. त्याने दोन दिवसांत खाज शमते, गिऱ्हाईक संतुष्ट होते, आणि कातडीखाली बुरशी मोकाट पसरते. नळीवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे नाव दिसल्यास ती वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

चिखल्यांस आम्ही इतकी जागा देतो ह्यास आणखी एक कारण आहे. नांदेड व लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांची गणना राज्यातील हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत झालेली आहे, आणि राज्यात २००४ पासून गोळ्या वाटण्याच्या मोहिमा झाल्या आहेत. गोळ्यांनी रक्तातील जंतू मरतात व डासांमार्फत होणारा प्रसार थांबतो. परंतु एकदा सुजलेला पाय गोळ्यांनी पूर्ववत् होत नाही. अशा पायास वरचेवर थंडी-ताप येऊन तो लाल, गरम व अधिक जाड होतो. लोक ह्यास ‘पाय आला’ म्हणतात व अमावास्येस दोष देतात. वास्तविक बोटांच्या बेचकीतील चिखली किंवा टाचेची भेग हेच त्या जंतूंचे दार असते. म्हणून हत्तीपाय झालेल्याने रोज दोन्ही पाय साध्या, ऊन नव्हे, पाण्याने व साबणाने गुडघ्यापासून खाली हलक्या हाताने धुवावेत, पाणी निवळ येईपर्यंत विसळावेत, बेचक्या कोरड्या कराव्यात, फाटलेल्या जागी मलम लावावे, बसताना व निजताना पाय उंच ठेवावा आणि घोटा फिरवीत राहावा. एवढे नित्य केले तर तापाचे झटके पुष्कळ कमी होतात. ऐन ताप व लाली असताना मात्र पाय चोळू नये आणि वैद्यास दाखवावा.

भेगांचा हंगाम निराळा. हस्ताचा पाऊस सरला, हवा कोरडी झाली, की टाचेची जाड कातडी सुकते आणि चालताना टाच पसरली म्हणजे कडेने फुटते, थेट आपल्या काळ्या रानासारखी. उपायही तोच: ओल धरून ठेवणे. रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवावेत, वजरीने जाड कातडी हळूहळू घासावी, पाय टिपावेत आणि अंग ओलसर आहे तोच व्हॅसलीन, खोबरेल किंवा कोकमाचे तेल चोळून सुती मोजे घालावेत. वजरी रोज थोडी चालवावी. एका बैठकीत टाच गुळगुळीत करण्याच्या हौसेने रक्त निघते. तेल लावून मोजे न घालता निजल्यास ते अंथरुणास लागते, टाचेस नव्हे. फार जाड टाचेसाठी दुकानात युरियायुक्त मलम मिळते व ते उत्तम आहे. हे वाचून कोणी गोणीतील युरिया तेलात कालवील अशी आम्हास धास्ती वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो की तसे करू नये. भेग खोल असून रक्त येत असेल तर घासणे बंद ठेवावे. बिब्ब्याविषयी वर सांगितलेच आहे. भेगेत बिब्बा भरणे ह्यासारखा दुसरा अविचार नाही.

कुरूप म्हणजे एकाच जागी पडणाऱ्या दाबाने कातडीचा आत शिरलेला खुंट. ते पात्याने कापण्याची सवय पुष्कळांस असते. कापलेले पुन्हा येते, कारण दाब तसाच राहतो. जोडा बदलावा, भिजवून वजरीने घासावे. स्पर्शज्ञान शाबूत असून मधुमेह नसेल तर सॅलिसिलिक आम्लाची पट्टी लावण्यास हरकत नाही. वरून दाबण्यापेक्षा बाजूंनी चिमटल्यास अधिक दुखत असेल व आत काळे ठिपके दिसत असतील तर ते कुरूप नसून चामखीळ होय. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. एवढे पाळल्यास नख मांसात रुतत नाही.

पुढील लक्षणांत घरगुती उपाय एक दिवसही करू नयेत: पायावरील लाली वर चढत जाणे, थंडी-ताप, बोट निळे किंवा काळे पडणे, जखमेस दुर्गंधी येणे, बधिर पायावर कोणतीही जखम. विडी ओढणाऱ्याच्या पोटरीत चालताना गोळा येऊन थांबल्यावर उतरत असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा तो इशारा आहे. विडी न सोडता अशा पायांवर केलेला खर्च बहुधा वाया जातो. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नसल्यास नांदेडास विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे व लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. जाताना रुग्णास चालवू नये.

राहता राहिले पादत्राण. सायंकाळी पाय किंचित फुगलेला असतो, म्हणून जोडा सायंकाळी विकत घ्यावा, आणि लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी. तळ अंगठ्याने दाबून पाहावा. जो सहज दबतो त्यातून तुरीचे किंवा पऱ्हाटीचे धसकट सहज वर येईल. रात्रीच्या विजेच्या पाळीस पाणी देण्याकरिता जाणाऱ्याने गुडघ्यापर्यंतचा रबरी गमबूट घालावा आणि बॅटरी घ्यावी. साप बहुतकरून पायास व पोटरीसच चावतो, आणि २००० ते २०१९ ह्या काळात देशात सर्पदंशाने दरसाल सरासरी ५८,००० माणसे दगावल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. काळ्या रानातील चिखलात गमबूट रुतून पायातून निघतो ही तक्रार आम्हास ठाऊक आहे, व ती खोटी नाही. ऐन गाऱ्यात तो निरुपयोगी आहे हे आम्ही कबूल करितो. बांधावर, धुऱ्यावर व वापसा असलेल्या रानात त्याची अडचण होत नाही. मापापेक्षा मोठा घेतल्यास तो अधिक रुततो. आत सुती मोजा असावा, आणि घरी आल्यावर बूट काठीवर पालथा टांगावा, म्हणजे आतील घाम सुकतो व रात्री त्यात विंचू जाऊन बसत नाही.